वर्गणीची वही : मुंबईच्या पहिल्या इंग्रजी चर्चचा पैसा एकदा बुडाला आणि पुन्हा उभा राहिला, त्याचा इतिहास

१/ सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या किल्ल्याजवळ, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, एका अपुऱ्या इमारतीच्या भिंती उभ्या होत्या. उंची सुमारे १५ फूट. वर छप्पर नाही, आत माणूस नाही. जवळजवळ ४० पावसाळे त्या भिंतींनी असेच अंगावर घेतले. बांधकामासाठी लोकांनी पैसे दिले होते. ते पैसे कुठे गेले, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

२/ ज्या चर्चचे हे अपुरे काम होते, तेच पुढे सेंट थॉमस कॅथेड्रल म्हणून ओळखले गेले. 'चर्चगेट' या नावातले चर्च हेच. त्याच्या शिल्पकलेविषयी आणि स्मारकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडमध्ये आपण त्याच्या पैशाचा इतिहास पाहणार आहोत : एकदा बुडालेल्या निधीनंतर लोकांचा विश्वास पुन्हा कसा मिळवला गेला, आणि त्या विश्वासाच्या मर्यादा कोणत्या होत्या. वाटेत कान्होजी आंग्रेही भेटतील आणि वाळकेश्वरचे देऊळही.

३/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. १६६१ च्या विवाहकरारानुसार मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मिळाली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ साल उजाडले. १६६८ मध्ये राजाने हे बेट वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. बेटावर आणि आसपास पोर्तुगीजांची कॅथलिक चर्चे होतीच. वसईपासून वांद्र्यापर्यंत त्यांचे मनोरे दिसत. नव्या मालकांकडे मात्र स्वतःचे एकही चर्च नव्हते. त्यांची उपासना किल्ल्यातल्या एका दालनात होई.

४/ १६६९ मध्ये गव्हर्नर झालेल्या जेराल्ड ऑंजियरला ही उणीव खुपत होती. व्यापाऱ्यांना बेटावर वसवणे, न्यायालय स्थापणे, किल्ल्याची डागडुजी करणे, अशी अनेक कामे त्याने हाती घेतली. त्यांतच सुमारे हजार माणसे बसू शकतील अशा चर्चची योजना होती. त्या काळच्या बेटावरील इंग्रजांची तुटपुंजी संख्या पाहता ही योजना फारच मोठी होती. ऑंजियर उद्याच्या शहराचा विचार करून आजची इमारत आखत होता.

५/ १६७५-७६ च्या सुमारास काम सुरू झाले, भिंती वर चढू लागल्या. १६७७ च्या जूनमध्ये ऑंजियर सुरतेला मरण पावला आणि कामाला कोणी वाली उरला नाही. ऑंजियरने १६७५ मध्ये इथल्या ख्रिस्ती समाजाला दिलेला चांदीचा प्याला या चर्चच्या संग्रहात टिकून राहिला. त्याच पिढीने चर्चसाठी दिलेली रोकड मात्र टिकली नाही.

६/ ऑंजियरनंतरची वर्षे मुंबईसाठी अत्यंत वाईट गेली. १६८३ मध्ये रिचर्ड केग्विनने कंपनीविरुद्ध बंड करून बेट ताब्यात घेतले. पुढे सर जॉन चाइल्डने मोगलांशी वैर ओढवून घेतले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव त्याच्या हाती पडले आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. १६९० मध्ये औरंगजेबाची माफी मागून आणि दीड लाख रुपयांचा दंड भरून सुटका झाली. त्यामागोमाग रोगराई आली. ज्या गावात माणसेच टिकत नव्हती, तिथे चर्च कोण पुरे करणार?

७/ परंतु काम थांबण्याचे एवढेच कारण लोक सांगत नसत. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका स्कॉटिश कप्तानाने १७२७ मध्ये आपले प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. त्यात त्याचा थेट आरोप आहे की, चर्चसाठी गोळा झालेले सुमारे ५ हजार पौंड सर जॉन चाइल्डने गिळंकृत केले. त्या काळी साधारण ८ रुपयांना १ पौंड पडे. म्हणजे हा आकडा ४० हजार रुपयांच्या घरात जातो. एका बेटाच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती.

८/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबले पाहिजे. हॅमिल्टन हा साक्षीदार कितपत विश्वासार्ह? तो कंपनीच्या मक्तेदारीबाहेर खाजगी व्यापार करणारा दर्यावर्दी होता. अशा व्यापाऱ्यांचा चाइल्डवर राग होता, कारण चाइल्ड त्यांच्या मुळावर उठला होता. शिवाय हॅमिल्टनचे पुस्तक निघाले तेव्हा चाइल्डला मरून ३७ वर्षे झाली होती. प्रत्युत्तर देणार कोण?

९/ म्हणून हॅमिल्टनच्या शब्दावर चाइल्डला चोर ठरवता येणार नाही. त्याच वेळी त्याला निर्दोष म्हणून सोडताही येणार नाही, कारण हॅमिल्टनला खोटे पाडील असा जमाखर्च लोकांपुढे आला नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब उघड नसला की असेच होते. चोर असेल तर तो सुटतो, आणि चोर नसेल तर त्याच्यावरचा डाग कधी पुसला जात नाही. १५ फुटांवर थांबलेल्या भिंती हाच काय तो लोकांना दिसणारा पुरावा होता.

१०/ या डागाचा खरा परिणाम पुढच्या पिढीवर झाला. एकदा पैसा बुडाला की पुन्हा हात पसरणे अवघड होते. आपल्याकडे गावच्या देवळाची किंवा मंडळाची वर्गणी गोळा केलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. 'मागच्या वर्गणीचे काय झाले?' हा प्रश्न दारातच विचारला जातो. मुंबईतल्या इंग्रजांच्या बाबतीत तो प्रश्न दगडात उभा होता.

११/ १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला. उपासना अजूनही किल्ल्यातच चालत होती आणि अर्धवट भिंती बाहेर तशाच होत्या. १७१५ मध्ये कॉबने प्रवचनासाठी हाच विषय घेतला. देवाच्या घराची ही अवस्था असताना आपण आपापल्या घरांत सुखाने कसे राहतो, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. समोरच्या श्रोत्यांमध्ये खुद्द गव्हर्नर विल्यम एस्लाबी बसलेला होता.

१२/ प्रवचनानंतर गव्हर्नर आणि पाद्री यांचे बोलणे झाले. पाद्रीबुवांचा आवेश एस्लाबीच्या नजरेतून सुटला नव्हता. पण तो रागावला नाही. चर्च व्हायचे असेल तर होऊ द्या, त्यासाठी एक वही तयार करा, कोण किती देतो ते तीत लिहून घ्या, आणि पहिले नाव माझे घाला, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. हा प्रसंग आपल्याला स्वतः कॉबच्या लेखनातून कळतो. कथेचा नायकच कथा सांगत आहे, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी.

१३/ तरीही त्या उत्तरातली एक गोष्ट मोलाची आहे : वही. मागच्या वेळी जे नव्हते ते नेमके हेच होते. नाव आणि रक्कम यांची उघडी यादी. अशा यादीचे दोन गुण असतात. एक, देणाऱ्याला आपला पैसा नोंदला गेल्याची खात्री पटते. दोन, शेजाऱ्याने किती दिले हे दिसते, आणि मग हात आखडता घेणे जड जाते. गव्हर्नराचे नाव वर असले की त्याच्या हाताखालच्या माणसांना वही परत पाठवणे सोपे नसते. भक्ती आणि भीड, दोन्ही कामाला लागतात.

१४/ कंपनीनेही आपल्या तिजोरीतून १० हजार रुपये दिले. वर्गणी एवढ्यावर थांबली नाही. कॉबने कंपनीच्या अन्य वखारींकडे पत्रे धाडली, कारण मुंबईतील मूठभर इंग्रजांच्या खिशातून एवढे मोठे काम होणार नाही हे उघड होते. वखारींतले व्यापारी, जहाजांचे कप्तान, येणारेजाणारे अधिकारी यांच्यापर्यंत ही मागणी पोचली. आजच्या भाषेत सांगायचे तर स्थानिक निधी अपुरा पडणार हे ओळखून त्याने दूरदूरचे देणगीदार शोधले.

१५/ जमेच्या बाजूला एक चमत्कारिक रक्कमही होती. नैतिक अपराध करणाऱ्याने चारचौघांसमोर प्रायश्चित्त घ्यावे, असा इंग्रजी धर्मन्यायाचा जुना नियम होता. त्याऐवजी दंड भरून मोकळे होण्याची सवलतही असे. अशा प्रायश्चित्ताच्या बदल्यात आलेला पैसा चर्चच्या खात्यात जमा झाला. कोणाची तरी लाज वाचली आणि त्यातून काही दगड विकत आले. कॉबने ही नोंद लपवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. वहीत सोयीच्या तेवढ्याच नोंदी ठेवल्या तर ती वही कसली?

१६/ १७१५ च्या नोव्हेंबरमध्ये कोनशिला बसवली गेली. तोवर एस्लाबी मायदेशी निघून गेला होता, म्हणून हा मान डेप्युटी गव्हर्नर स्टीफन स्ट्रट याला मिळाला. महिन्याभराने, डिसेंबरच्या अखेरीस, नवा गव्हर्नर चार्ल्स बून याने कारभार हाती घेतला. ऑंजियर मेला तेव्हा काम थांबले होते. या वेळी गव्हर्नर बदलला तरी काम थांबले नाही. कारण आता ते एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून नव्हते. वहीत नावे असलेल्या सगळ्यांचा त्यात पैसा होता आणि त्या सगळ्यांना चर्च पुरे झालेले पाहायचे होते.

१७/ त्याच १७१५ सालाशी मुंबईतल्या आणखी एका जीर्णोद्धाराची आठवण जोडलेली आहे. मलबार टेकडीच्या टोकाशी असलेले वाळकेश्वराचे प्राचीन देऊळ पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा बांधून काढले रामा कामती या गौड सारस्वत धनिकाने. कंपनीच्या दरबारी त्याचे मोठे वजन होते आणि कंपनीच्या देशी शिपायांच्या बाबतीतही त्याचा शब्द चाले. किल्ल्याजवळ अनेकांच्या वर्गणीतून चर्च उभे राहत असताना टेकडीवरचे देऊळ एका माणसाच्या औदार्यातून उभे राहिले. सार्वजनिक वास्तू उभारण्याच्या या दोन जुन्या रीती मुंबईत अशा एकाच वेळी दिसतात.

१८/ चर्चचे बांधकाम चालू होते ती वर्षे शांततेची नव्हती. कोकण किनाऱ्यावर सरखेल कान्होजी आंग्रे यांचा अंमल होता आणि त्यांचे दस्तक न घेता जाणारी जहाजे पकडली जात. गव्हर्नर बूनने गावाभोवती तटबंदी उभारली, लढाऊ गलबते बांधली आणि आंग्र्यांवर चाल केली. १७१७ मध्ये विजयदुर्गावरचा हल्ला फसला. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर बून स्वतः चालून गेला. तोही प्रयत्न निष्फळ ठरला.

१९/ त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उपासनेसाठी खुले झाले. ऑंजियरने काम सुरू केल्याला ४० हून अधिक वर्षे उलटली होती. गव्हर्नर, कौन्सिलचे सभासद आणि गावातले इंग्रज थाटामाटाने जमले. एका बालकाचा बाप्तिस्मा झाला. युद्धातल्या अपयशाच्या छायेत असलेल्या त्या छोट्या वसाहतीला निदान एक काम तडीस नेल्याचे समाधान त्या दिवशी मिळाले असेल.

२०/ या सोहळ्याच्या वर्णनात एक नोंद मराठी वाचकाने मुद्दाम टिपून ठेवावी. रामा कामती आपल्या जातभाईंसह तिथे आला होता. उपासना चालू असताना ही मंडळी दारा-खिडक्यांपाशी उभी राहून सगळे पाहत आणि ऐकत होती, आणि शेवटपर्यंत थांबली. तीन वर्षांपूर्वी वाळकेश्वराचा जीर्णोद्धार करणारा माणूस दुसऱ्यांच्या देवाचे घर पुरे झालेले पाहायला आला होता. मुंबईच्या आरंभकाळातील सहजीवनाचे हे चित्र अनेक पुस्तकांत मोठ्या कौतुकाने दिले जाते.

२१/ पण चित्र तिथेच सोडले तर इतिहास अपुरा राहील. अवघ्या सव्वा वर्षात, १७२० मध्ये, याच रामा कामतीवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आरोप असा की, तो कान्होजी आंग्र्यांना फितूर होता आणि खांदेरीच्या मोहिमेची खबर त्याने शत्रूला आधीच दिली. पुरावा म्हणून एक पत्र पुढे आले. त्यावर त्याची मुद्रा होती. मुद्रा बनावट करता येते, एवढी साधी गोष्ट न्यायासनाने मनावर घेतली नाही. त्याच्या एका नोकराकडून छळ करून जबानी मिळवली गेली.

२२/ शिक्षा झाली जन्मठेपेची. मालमत्ता जप्त झाली. १७२८ मध्ये रामा कामती तुरुंगातच मरण पावला. पुढे ते पत्र बनावट होते असे आढळून आले आणि नंतरच्या इतिहासकारांनी हा खटला मुंबईच्या इंग्रजी न्यायाला लागलेला कलंक मानला. खांदेरीच्या पराभवाला कोणीतरी जबाबदार हवा होता, आणि तो गव्हर्नर असून चालणार नव्हते.

२३/ या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. चर्चच्या पैशाच्या बाबतीत या वसाहतीने एक धडा घेतला होता : कानगोष्टींवर विसंबू नये, सर्व काही लिहून उघडे ठेवावे. १७१८ मध्ये त्याचे फळ दिसले. मात्र माणसाच्या जीविताचा प्रश्न आला तेव्हा तीच मंडळी एका संशयास्पद कागदावर विसंबली. रुपयांचा हिशेब जितक्या काटेकोरपणे तपासला, तितका पुरावा तपासला नाही. विश्वासाची वही होती, पण तिच्यात सगळ्यांची नावे नव्हती. रामा कामती दाराशीच उभा होता.

२४/ कॉबचे काय झाले? चर्च खुले झाल्यावर थोड्याच काळात त्याचा वरिष्ठांशी खटका उडाला आणि त्याला मुंबई सोडावी लागली. जाण्यापूर्वी त्याने एक धर्मादाय शाळा सुरू करून दिली होती. पुढे १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने ती परंपरा चालवली. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स स्कूल आपला वारसा याच शाळेपर्यंत नेते. चर्चसाठी जमलेल्या समाजातून शाळाही उभी राहिली, हे त्या वर्गणीचे दुसरे फळ.

२५/ आणि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १७६६ मध्ये, कॉबने लंडनला एक पुस्तिका छापली. विषय एकच : मुंबईचे चर्च कसे बांधले गेले आणि कसे पुरे झाले. आज आपण जमाखर्चाविषयी, वहीविषयी, नाताळच्या सोहळ्याविषयी आणि दाराशी उभ्या असलेल्या रामा कामतीविषयी बोलू शकतो, ते मुख्यतः या पुस्तिकेमुळे. पहिल्या निधीचे फक्त आरोप उरले, दुसऱ्या निधीचे कागद उरले. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

२६/ पुढचा प्रवास थोडक्यात. बूनच्या तटबंदीला तीन मोठे दरवाजे होते : उत्तरेचा बाजारगेट, दक्षिणेचा अपोलोगेट आणि चर्चकडे जाणारा चर्चगेट. १८६० च्या दशकात तट आणि दरवाजे पाडले गेले. चर्चगेट गेला, नाव मात्र आधी रस्त्याला आणि मग रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले. स्थानकातून बाहेर पडून चर्च दिसले नाही म्हणून अनेकजण गोंधळतात. ते आहे पूर्वेला, हुतात्मा चौकाच्याही पलीकडे.

२७/ १८१६ मध्ये बिशप मिडल्टनने या चर्चचे विधिवत अर्पण केले आणि ते संत थॉमसच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि चर्चला कॅथेड्रलचा दर्जा आला. १८३८ मध्ये आजचा घड्याळी मनोरा उभा राहिला. जुन्या मुंबईत रस्त्यांची अंतरे याच चर्चपासून मोजली जात. तसे काही काळे मैलाचे दगड दादर-परळकडे अजूनही सापडतात आणि त्यांवरचा आकडा म्हणजे या दारापासूनचे अंतर असते.

२८/ पैशाने पुन्हा एकदा या वास्तूची परीक्षा पाहिली ती १८६० च्या दशकात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या भरात कॅथेड्रलच्या नूतनीकरणाची मोठी योजना आखली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, आणि योजनेतला वेदीकडचा भाग तेवढा पुरा झाला. आजही आत उभे राहिल्यावर साधे, जुने सभागृह आणि वेदीजवळचे उंच, टोकदार कमानींचे गॉथिक काम यांतला फरक डोळ्यांना जाणवतो. १८६५ ची मंदी त्या इमारतीत अशी वाचता येते.

२९/ प्रवेशदाराशी असलेले कारंजे चुकवू नका. त्याचा आराखडा इंग्लंडचा नामांकित वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा, आणि पैसा दिला पारशी दानशूर सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. दीडशे वर्षांपूर्वी जो देशी धनिक दाराशी उभा होता, त्याच्या जागी आता दुसऱ्या धर्माचा देशी दाता दारापुढे आपले नाव कोरून गेला. वहीची पाने हळूहळू रुंदावत होती.

३०/ जुनी इमारत एकदा दुरुस्त केली की काम संपत नाही. मुंबईचा पाऊस, समुद्राची खारी हवा आणि रहदारीचा धूर दर वर्षी आपला वाटा घेतात. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल आत कोंडते आणि दगड आतून झिजतो. म्हणून चुन्याचे काम जाणणारे कारागीर, संयम आणि सतत येणारा पैसा या तिन्हींची गरज असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या कॅथेड्रलचा काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारासाठी त्याची निवड झाली.

३१/ आपल्या भोवती आज अशी कितीतरी देवळे, मशिदी, चर्चे, वाडे आणि बारव निधीची वाट पाहत आहेत. तरुण मंडळी उत्साहाने पुढे येतात, क्यूआर कोड फिरतो, पैसा जमतो. त्यांच्यासाठी या इतिहासात सांगण्यासारखे एवढेच आहे : पहिली वीट आणण्याआधी वही उघडा. कोणी किती दिले, कशावर किती खर्च झाला, ते सर्वांना दिसेल असे ठेवा. गैरसोयीच्या नोंदीही ठेवा. तीनशे वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर देता आले पाहिजे.

३२/ आणि त्या वहीसोबत आणखी एक प्रश्न विचारत राहा : दाराशी कोण उभे आहे? ज्यांच्या गावात, ज्यांच्या घामातून वास्तू उभी राहते, त्यांना त्या वास्तूच्या न्यायात वाटा आहे का? सेंट थॉमसच्या भिंती १७१८ मध्ये पुऱ्या झाल्या. या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही, आणि रामा कामतीला ते आयुष्यभर मिळाले नाही.

३३/ तुमच्या गावात वर्गणीतून उभी राहिलेली किंवा पैशाअभावी अर्धवट राहिलेली जुनी वास्तू असेल, तर तिच्याविषयी खाली जरूर लिहा. देणगीदारांचा शिलालेख, जुनी पावती किंवा जमाखर्चाचे पान सापडले तर त्याचे छायाचित्रही द्या. राजांच्या लढायांची साधने पुष्कळ आहेत. सामान्य माणसांनी दिलेल्या रुपया-दोन रुपयांची साधने आपणच जपायची आहेत.